लग्न पाहावे हसून

बीड जिल्ह्याची उत्तर सीमा बरीचशी गोदावरीने आखली आहे. गेवराई, माजलगाव, परळी हे तालुके तिच्या दक्षिण काठाला, आणि सातवाहनांची राजधानी पैठण तिथून वरच्या अंगाला. हाल सातवाहनाच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ याच मुलखातली. महाराष्ट्री प्राकृतातल्या या सातशे गाथांत राजवाडे जवळजवळ नाहीतच. शेत राखायला बसलेली पोर, गावच्या मुखियाचा मुलगा, पाणवठ्यावर रेंगाळणारा वाटसरू, डोळ्यांत तेल घालून पहारा करणारी सासू अशी सगळी घरातली आणि शिवारातली माणसे त्यात आहेत. गोदावरीचे नाव पुन्हा पुन्हा येते. प्रेम आहे, चोरटेपणा आहे, आणि त्या चोरटेपणाकडे पाहून गालात हसणारा कवीही आहे. स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली हा ग्रंथ विस्तृत विवेचनासह मराठीत आणला. तो वाचला की एक गोष्ट पटते. प्रेमाकडे हसऱ्या डोळ्यांनी पाहायला या मुलखाला सिनेमाने शिकवले नाही. सिनेमाने ती जुनी रीत पुढे चालवली.

ती पडद्यावर यायला मात्र थोडा वेळ लागला. मराठी बोलपट १९३२ साली प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ने सुरू झाला आणि सुरुवातीची काही वर्षे पुराणपुरुष, संत आणि इतिहास यांतच रमला. साध्या माणसाचे प्रेम हसत-खेळत आले ते १९३८ मध्ये, हंस पिक्चर्सच्या ‘ब्रह्मचारी’तून. कथा आचार्य अत्र्यांची, दिग्दर्शन आणि नायकाची भूमिका मास्टर विनायकांची. ब्रह्मचर्यावरचे एक व्याख्यान ऐकून भारावलेला औदुंबर नट्यांची चित्रे फेकून देतो, आश्रमवजा संस्थेत दाखल होतो आणि तिथेच किशोरीच्या प्रेमात पडतो. किशोरी झालेल्या मीनाक्षी शिरोडकरांच्या पोहण्याच्या पोशाखावरून तेव्हा भरपूर गदारोळ झाला. आज त्या गदारोळापेक्षा महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. या गोष्टीत पुढाकार मुलगी घेते. शपथेत अडकलेल्या तरुणाला माणसांत आणण्याचे काम तिचे आहे, आणि ते ती हसत करते.

दोनच वर्षांनी, १९४० मध्ये, मास्टर विनायकांनी ‘लग्न पहावे करून’ आणला. चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांच्या रूपाने पडद्यावर आले आणि मराठी घरांतले होऊन गेले. चिं. वि. बडोद्यात राहणारे पाली भाषेचे अभ्यासक, पण मध्यमवर्गीय घरातल्या लग्नाच्या धांदलीची त्यांच्याइतकी बारीक नोंद क्वचितच कुणी केली असेल. चित्रपटाला नाव दिले ते घराघरांतल्या म्हणीचे. घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, ही ती म्हण. संसारी माणसाला घाम फोडणाऱ्या दोन गोष्टी तिने एका दमात सांगितल्या आहेत. पुढची ऐंशी-नव्वद वर्षे मराठीतली प्रेमाची विनोदी कथा याच दोन गोष्टींभोवती फिरत राहिली. एक तर लग्न जमत नाही, नाही तर जमलेल्या लग्नाला घर मिळत नाही.

त्याच १९४० साली हॉलीवूडमध्ये अर्न्स्ट लुबिशचा ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’ आला. एकाच दुकानात काम करणारे दोघे दिवसभर भांडतात आणि अनोळखी म्हणून पत्रांतून एकमेकांच्या प्रेमात पडतात. त्याआधी फ्रँक काप्राच्या १९३४ सालच्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’ने पाच प्रमुख ऑस्कर मिळवून या प्रकाराला प्रतिष्ठा दिली होती. त्या चित्रपटांत अडथळा बहुधा दोघांच्या मनात असतो, त्यांच्या अहंकारात असतो. मराठी चित्रपटात तो घराच्या ओसरीवर बसलेला असतो. मुलीचे वडील, भाड्याची खोली, पगार, पत्रिका, नातेवाईक. दोघांची मने केव्हाच जुळलेली असतात. जुळवायचे असते ते बाकीचे सगळे.

पुण्या-मुंबईत आणि कोल्हापुरात हे घडत असताना बीड निजामाच्या राज्यात होते. कारभाराची भाषा उर्दू आणि वरच्या शिक्षणाचीही उर्दूच. सभा-संमेलनांवर १९२९ च्या गश्ती क्रमांक ५३ चा पहारा होता. चार माणसे जमवायची तर सरकारी परवानगी लागे. अंबाजोगाई तेव्हा मोमिनाबाद म्हणून ओळखली जाई. तिथल्या योगेश्वरी शाळेत स्वामी रामानंद तीर्थ १९३५ च्या सुमारास आले आणि त्या शाळेने मराठीतून शिकण्याची ज्योत तेवत ठेवली. आद्यकवी मुकुंदराज आणि दासोपंत यांची समाधिस्थाने असलेल्या गावात मराठीसाठी झगडावे लागत होते, यावरून त्या दिवसांची कल्पना यावी. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. एसटीच्या बाबतीतही मराठवाडा मागून आला. निजामाच्या काळापासून चालत आलेली तिथली बससेवा १९६१ मध्ये राज्याच्या एसटीत विलीन झाली.

रेल्वेचे तर विचारूच नये. परळीला निजामाच्या काळापासून गाडी होती, पण बीड शहराने प्रवासी रेल्वे पाहिली ती १७ सप्टेंबर २०२५ ला. मराठी चित्रपटाचे माहेर असलेल्या पुण्याहून बीडला यायचे म्हणजे एवढी वर्षे रस्त्यानेच यायचे. त्यात २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या सुमारे २५ लाख ८५ हजार लोकसंख्येपैकी शहरांत राहणारे पाचात एक. उरलेल्या चौघांना बांधीव चित्रपटगृह म्हणजे तालुक्याला किंवा जिल्ह्याला जायचे काम. खेडोपाडी सिनेमा पोहोचवला तो तंबूने.

टुरिंग टॉकीज हा महाराष्ट्राच्या जत्रांचा फार मोठा अध्याय आहे. ट्रकवर प्रोजेक्टर, कनाती, खांब, पडदा आणि जनरेटर; त्याच ट्रकच्या मागे किंवा खाली झोपणारी माणसे; आणि दैवताच्या पंचांगाप्रमाणे ठरणारा मुक्काम. १९५३ च्या मुंबई सिनेमा नियमन कायद्याखाली तात्पुरता परवाना काढायचा, जत्रेच्या मैदानात जागा घ्यायची, भोंग्यावरून नटनट्यांची नावे पुकारायची आणि अंधार पडायची वाट पाहायची. प्रेक्षक मातीत बसत. बाया एकीकडे, बाप्ये दुसरीकडे. रीळ तुटले की शिट्ट्या, जोडले की शांतता. मराठवाड्यात महाशिवरात्रीपासून वैशाखापर्यंत गावोगावच्या यात्रांची रांग लागते. परळीला वैजनाथ, बीडला कंकालेश्वर, आष्टीच्या बाजूला मच्छिंद्रनाथ, सीमेपलीकडे मढीला कानिफनाथ. साखर कारखान्यांचे हंगाम आटोपून ऊसतोडीच्या टोळ्या गावी परततात त्याही याच दिवसांत, आणि लग्नांची तिथही हीच. देव, पैसा, लग्न आणि करमणूक वर्षातून एकदा अशी एकत्र येतात.

या तंबूंचे शेवटचे दिवस शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटात टिपले. २०१६ मध्ये तो कान महोत्सवात दाखवला गेला आणि तिथे त्याची विशेष दखल घेतली गेली. रिळांचा जमाना संपून संगणकावरचे प्रक्षेपण आले तेव्हा या माणसांनी जुन्या यंत्रांचा निरोप कसा घेतला, हे त्यात डोळ्यांनी दिसते.

तंबूत सगळ्यात जास्त काय चाले, हेही मोकळेपणाने सांगायला हवे. देवादिकांचे चित्रपट चालत, ‘सांगत्ये ऐका’सारखे तमाशापट चालत, आणि १९७१ च्या ‘सोंगाड्या’नंतर दादा कोंडके चालत. दादांच्या ओळीने नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केले आणि गिनेस बुकात नोंद झाली, त्यामागे खेड्यातल्या प्रेक्षकाचा हात मोठा होता. सदाशिव पेठेतल्या किंवा गिरगावातल्या घरात घडणारी हळुवार प्रेमाची विनोदी कथा जत्रेत पहिल्या पसंतीची नव्हती. तरीही ती इथे पोहोचली, आधी रिळांतून, मग दूरदर्शनवरून, व्हिडिओ कॅसेटमधून आणि शेवटी मोबाइलच्या पडद्यावरून. जत्रेतले आवडते चित्रपट मागे पडले, पण ही गोष्ट अजून पाहिली जाते. त्याचे कारण तिच्या बांधणीत शोधावे लागते.

बांधणीचा उत्तम नमुना म्हणजे राजा परांजपे यांचा १९५२ चा ‘लाखाची गोष्ट’. कथा ग. दि. माडगूळकरांची, संगीत सुधीर फडक्यांचे. राजा गोसावी आणि स्वतः राजा परांजपे हे दोन कफल्लक मित्र, आणि त्यांच्यासमोर रेखा आणि चित्रा या प्रत्यक्षातल्या सख्ख्या बहिणी. मुलीचे श्रीमंत वडील भावी जावयाला अट घालतात, एक लाख रुपये महिन्याभरात खर्च करून दाखव. कल्पना अमेरिकेतल्या ‘ब्रूस्टर्स मिलियन्स’ या १९०२ च्या कादंबरीशी जुळणारी आहे, पण पडद्यावरचे वातावरण पक्के मराठी आहे. ज्याच्या खिशात चहाचे पैसे नाहीत त्याला लाख रुपये उधळता येत नाहीत. पैसा नसल्याची सवय हाडात इतकी मुरलेली, की पैसा असूनही हात सैल सुटत नाही. १९५२ मध्ये एक लाख हा आकडा सामान्य माणसाने फक्त ऐकलेला असे. तो खर्च करणेच संकट ठरावे, या उलट्या कल्पनेत गरिबाची थट्टा नाही. थट्टा आहे ती पैशाने माणूस जोखणाऱ्या सासऱ्याची. राजा गोसावी त्या सुमारास पुण्याच्या भानुविलास चित्रपटगृहात तिकिटे विकत असत, आणि आपल्याच चित्रपटाची तिकिटे विकणारा नायक म्हणून त्यांची गोष्ट आजही सांगितली जाते.

घराची बाजू आली १९७० मध्ये, राजा ठाकूर यांच्या ‘मुंबईचा जावई’तून. लग्न झालेले आहे, प्रेमही आहे, पण चाळीतल्या दोन खोल्यांत भरलेल्या कुटुंबात नवराबायकोला दोन शब्द बोलायला जागा नाही. अरुण सरनाईक आणि सुरेखा यांच्या संसाराची ही अडचण कुणाच्या दुष्टपणामुळे आलेली नाही. घरातले सगळे चांगलेच आहेत. इतके चांगले की त्यांना टाळताही येत नाही. राजश्री प्रॉडक्शन्सने या कथेचा हिंदी ‘पिया का घर’ १९७२ मध्ये काढला आणि दिग्दर्शनासाठी बासू चटर्जींना बोलावले. व्यंगचित्रकार म्हणून उमेदवारी केलेल्या बासूदांनी पुढे ‘रजनीगंधा’, ‘छोटी सी बात’, ‘चितचोर’, ‘खट्टा मीठा’, ‘बातों बातों में’ अशी मालिकाच उभी केली. त्यांपैकी अनेकांचा नायक, अमोल पालेकर, मराठी प्रायोगिक रंगभूमीवरून आला होता आणि बँकेत नोकरी करत होता. बसथांब्यावर उभा राहून धीर गोळा करणारा तरुण हिंदी पडद्यावर नायक होऊ शकला, त्याच्या मुळाशी मराठी चाळीतली ही एक गोष्टही आहे. मराठी माणसाला याचा अभिमान वाटावा, आणि तो पुरेसा वाटत नाही.

ऐंशीच्या दशकात या प्रकाराला पुन्हा बहर आला. ‘गोंधळात गोंधळ’ (१९८१) आणि ‘गुपचुप गुपचुप’ (१९८३) या व्ही. के. नाईक यांच्या चित्रपटांत रंजना आणि अशोक सराफ होते. रंजनाचे नाव इथे ठळकपणे घ्यायला हवे. विनोद करणारी नायिका मराठीत फार थोडी. ती तशी होती, आणि तिच्या विनोदात बावळटपणा नव्हता, चलाखी होती. १९८४ मध्ये सचिनने ‘नवरी मिळे नवऱ्याला’ केला. त्यातली नायिका सुप्रिया पुढच्याच वर्षी त्याची पत्नी झाली. १९८५ च्या महेश कोठारे यांच्या ‘धुमधडाका’चे मूळ १९६४ च्या ‘कादलिक्क नेरमिल्लै’ या तमिळ चित्रपटात आहे. तिथून हिंदीतल्या ‘प्यार किये जा’मार्गे ती गोष्ट मराठीत उतरली. शरद तळवलकरांचा तापट, भाबडा, पैशाने फुगलेला बाप मराठीत इतका शोभला की परकेपणाची खूणही उरली नाही. ‘मुंबईचा जावई’तले तळवलकर आणि ‘धुमधडाका’तले तळवलकर यांच्यामध्ये पंधरा वर्षे आहेत. चाळीतला वडीलधारा आता बंगल्यात राहतो, पण पोरांच्या लग्नाने त्याची झोप उडायची ती उडतेच.

आणि मग २३ सप्टेंबर १९८८ ला आलेला ‘अशी ही बनवाबनवी’. भाड्याच्या खोलीसाठी चार तरुणांपैकी दोघांना बायका व्हावे लागते, ही कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’मधून आलेली. दिग्दर्शन सचिनचे, लेखन वसंत सबनीसांचे. हेच सबनीस ‘विच्छा माझी पुरी करा’चे आणि ‘सोंगाड्या’चे लेखक. म्हणजे जत्रेतल्या मातीत बसून पाहिलेला रांगडा विनोद आणि दिवाणखान्यात पाहिलेला हा चित्रपट, दोन्ही एकाच लेखणीतून उतरले आहेत. शहरी आणि ग्रामीण विनोद वेगळे काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. लोकनाट्यातली सोंग घेण्याची रीत सबनीसांनी या चित्रपटातल्या घरमालकीण लीलाबाई काळभोरांच्या वाड्यात नेऊन बसवली. बीडचा प्रेक्षक या चित्रपटाला परका वाटून घेत नाही. स्पर्धा परीक्षेसाठी किंवा शिक्षणासाठी पुण्यात जाऊन, एका खोलीत पाच-सहा जण राहून, घरमालकाच्या अटी पाळत दिवस काढणाऱ्या मराठवाड्यातल्या मुलांना त्या चौघांतल्या धनंजय मानेची अडचण कुणी समजावून सांगावी लागत नाही.

या सगळ्या चित्रपटांत काही गोष्टी ठरलेल्या आहेत. खलनायक नसतो, किंवा असला तरी नावापुरता. मोठी माणसे चुकतात, चिडतात, हट्टाला पेटतात, पण वाईट नसतात. तरुण मुले खोटे बोलतात. ते खोटे त्यांच्याच गळ्याशी येते, उघडे पडते आणि शेवटी माफ होते. आणि मुलीला विचारले जाते. तिचा होकार हे गोष्टीचे शेवटचे कुलूप असते. बापाने, समाजाने, पैशाने कितीही किल्ल्या फिरवल्या तरी ते तिच्याशिवाय उघडत नाही. प्रेक्षक दोन-अडीच तास हसतो तो या भरवशावर. आपल्या घरातही असे होऊ शकले असते, असे त्याला वाटते. या चित्रपटांची गोडी टिकली ती त्या वाटण्यामुळे. जुन्या काळाची हुरहुर हे कारण त्यापुढे फारच अपुरे आहे.

मराठवाड्याने या परंपरेत आपली भर घातली ती रंगमंचावरून. तेव्हाच्या औरंगाबादचे लक्ष्मण देशपांडे यांचा एकपात्री प्रयोग ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हा लग्नाचाच विनोद. खेड्यातले वऱ्हाड विमानात बसून लंडनला निघते आणि बावन्न पात्रे एकटा माणूस उभी करतो. भाषा अस्सल मराठवाडी. शहरी रंगभूमीवर नोकराच्या तोंडी घालून हशा मिळवायची बोली इथे वधूपक्ष, वरपक्ष आणि आख्खे गाव बोलत होते. देशपांडे २००९ मध्ये गेले. पुढे हा प्रयोग संदीप पाठक या अभिनेत्याने उचलला, आणि संदीप बीड जिल्ह्यातल्या माजलगावचा. चिमणरावाच्या लग्नाच्या धांदलीला १९४० मध्ये पडदा मिळाला होता. गोदाकाठच्या धांदलीला तिच्या स्वतःच्या बोलीत मंच मिळायला आणखी काही दशके लागली, पण मिळाला तो भरभक्कम.

आता हा सगळा हसरा पट बीडच्या जमिनीवर ठेवून पाहायला हवा.

दसरा-दिवाळी उलटली की या जिल्ह्यातून लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादम उचल देतो ती जोडप्याला. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. एकट्या माणसाचा अर्धा. फडाच्या कडेला पाचटाची कोपी हे त्यांचे पाच-सहा महिन्यांचे घर. म्हणजे म्हणीतल्या दोन्ही गोष्टी इथे आहेत. घर हंगामापुरते, आणि लग्न उचलीच्या हिशोबात. मुलीला गावी कुणाच्या भरवशावर ठेवायचे, हा आईबापांचा प्रश्न खरा आहे. त्याचे उत्तर म्हणून तिचे लग्न लवकर उरकले जाते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी ज्यांचे लग्न अठराच्या आत झाले, त्यांचे प्रमाण बीडमध्ये ४० टक्क्यांहून अधिक आढळले. त्याआधी २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटातल्या दर हजार मुलग्यांमागे इथे फक्त ८०७ मुली होत्या, राज्यातला सर्वांत कमी आकडा. गंमत करायची म्हटली तरी करता येणार नाही असे हे आकडे आहेत.

मग असल्या जिल्ह्यात ‘लाखाची गोष्ट’ किंवा ‘बनवाबनवी’ पाहणे म्हणजे खऱ्या दुःखाकडे पाठ फिरवणे झाले का? तसे वाटत नाही. मुलीच्या होकारावाचून गोष्ट पुरी होत नाही, एवढे एकच तत्त्व हे चित्रपट पाळतात आणि तेच इथे सर्वांत दुर्मीळ आहे. व्याख्यानाने जे कानांवरून जाते ते हसता हसता आत शिरते. सासऱ्याचा तोरा उतरलेला पाहून टाळ्या वाजवणारा बाप घरी जाऊन लगेच बदलेल असे कुणी म्हणणार नाही. पण आपण कुणाच्या फजितीवर टाळ्या वाजवल्या, हे त्याच्या मुलीने पाहिलेले असते.

या परंपरेचे मोठे मौनही सांगायला हवे. चाळीतल्या आणि वाड्यातल्या त्या प्रेमकथांत जात जवळजवळ कधीच आडवी येत नाही, कारण प्रेमात पडणारे दोघे बहुधा एकाच थरातले असतात. ते मौन नागराज मंजुळे यांनी २०१६ मध्ये ‘सैराट’ने मोडले. सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याच्या परिसरात घडणारा हा चित्रपट अर्धा होईपर्यंत नितांत गोड, खट्याळ प्रेमकथा आहे. आर्ची बुलेट चालवते, परश्या विहिरीत उड्या मारतो, मित्र चिठ्ठ्या पोहोचवतात. ते सगळे जुन्या हसऱ्या परंपरेतलेच. पुढे जे होते ते त्या परंपरेने कधी दाखवले नव्हते. शंभर कोटींचा धंदा करणारा हा पहिला मराठी चित्रपट. जयंत सोमलकर यांच्या ‘स्थळ’ने चंद्रपूरच्या खेड्यातून मुलगी पाहण्याचा कार्यक्रम दाखवला, २०२३ मध्ये टोरांटो महोत्सवात त्याला नेटपॅक पुरस्कार मिळाला आणि २०२५ मध्ये तो इथे प्रदर्शित झाला. कांदेपोह्यांचा हाच प्रसंग ‘लग्न पहावे करून’पासून हशाचा होता. इथे पाटावर बसलेल्या मुलीच्या डोळ्यांनी तो पाहिल्यावर हसू ओठांवरच थांबते.

तरीही हळुवार परंपरा आटली नाही. २०१० चा सतीश राजवाडे यांचा ‘मुंबई-पुणे-मुंबई’ ही एका दिवसाची गोष्ट. स्थळ नाकारायला आलेली मुलगी आणि पुण्याच्या रस्त्यांवरची बडबड एवढ्या भांडवलावर मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी यांनी तो तोलला. २०१५ चा समीर विद्वांस यांचा ‘डबल सीट’ थेट ‘मुंबईचा जावई’चा वारस: पंचेचाळीस वर्षांनी मुंबईतल्या नव्या जोडप्याला तेवढीच खोली आणि तेवढीच अडचण. २०१७ मध्ये परेश मोकाशींच्या ‘चि. व चि. सौ. कां.’मध्ये मुलगी लग्नाआधी काही दिवस एकत्र राहून पाहण्याची अट घालते आणि दोन्ही घरांची तारांबळ उडते. ‘लाखाची गोष्ट’मध्ये अट बापाने घातली होती. पासष्ट वर्षांत अट घालणारी व्यक्ती बदलली, हा या प्रकाराच्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल.

हा इतिहास हाताशी राहील अशी व्यवस्था मात्र तोकडी आहे. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, पण मराठी बोलपटाच्या पहिल्या दशकांतले बरेच काही नष्ट झाले, आणि जे उरले ते चांगल्या प्रतीत, पूर्ण लांबीचे, सहज पाहायला मिळत नाही. नव्या पिढीला हे चित्रपट ठाऊक असतात ते तीस सेकंदांच्या तुकड्यांतून आणि चेष्टेच्या चित्रांतून.

बीड जिल्ह्यात यावर सहज करता येईल असे एक काम आहे. वैशाखात टोळ्या गावी परतलेल्या असतात, यात्रा भरलेल्या असतात, लग्नांची बोलणी चाललेली असतात. यात्रा समित्यांनी, ग्रामपंचायतींनी आणि अंबाजोगाई, माजलगाव, केजच्या महाविद्यालयांनी हक्कधारकांची रीतसर परवानगी घेऊन त्या दिवसांत मोकळ्या मैदानात दोन रात्री पडदा लावावा. पहिल्या रात्री ‘लाखाची गोष्ट’, दुसऱ्या रात्री ‘स्थळ’. आजच्या प्रोजेक्टरला ना ट्रक लागतो ना रिळांच्या पेट्या. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठीच्या हंगामी वसतिगृहांत आणि साखरशाळांतही हे दाखवावे. खर्च एका मिरवणुकीच्या भोंग्याहून जास्त येणार नाही. आणि या वेळी बायांना कडेला न बसवता पुढची जागा द्यावी.